पेज जागेवरून हलू नये म्हणून: डिव्हाइस ड्रायव्हर आणि मेमरीचं कुलूप

(व्याख्यानाचं शब्दांकन. श्रोत्यांनी विचारलेले निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय आहे, डिव्हाइस ड्रायव्हर मेमरीची पेजेस लॉक कशी करतो आणि नंतर ती सोडतो कशी. विषय रुक्ष वाटेल, म्हणून सुरुवात आपल्या जवळच्या एका जागेपासून करू. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगावला गेलं, की तिथून आत खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. चालवते पुण्याचीच संस्था, विद्यापीठाच्या आवारातली एनसीआरए. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली, हे तुम्हाला माहीत असेलच.

अँटेनांकडून आलेले सिग्नल एकत्र करायचं काम आधी खास बनवलेलं हार्डवेअर करायचं. मग एनसीआरएच्या मंडळींनी ते सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवलं. बाजारात मिळणारी कार्डं, साधे पीसी आणि लिनक्स. त्यावरचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. ३२ अँटेनांची सोय, प्रत्येकीचे दोन सिग्नल, ३३ मेगाहर्ट्झची रुंदी, सिग्नलचे आकडे करणारी पीसीआय कार्डं आणि ४८ मशीनचा लिनक्स क्लस्टर. आणि हे सगळं रिअल टाइममध्ये, म्हणजे आकाशातून जसं येईल तसं.

आता जरा हिशेब करू. ३३ मेगाहर्ट्झ रुंदीचा सिग्नल नीट पकडायचा, तर तो सेकंदाला किमान ६ कोटी ६० लाख वेळा मोजावा लागतो. सोयीसाठी प्रत्येक मोजणी एक बाइटची धरा. म्हणजे एका सिग्नलचे सेकंदाला ६.६ कोटी बाइट. ३० अँटेना, प्रत्येकी दोन सिग्नल, असे ६० सिग्नल धरले तर सेकंदाला साधारण ४ अब्ज बाइट. एका सिग्नलपुरतं बोलायचं, तर ४ केबीचं मेमरीचं एक पेज भरायला साधारण ६२ मायक्रोसेकंद लागतात. आणि साध्या हार्ड डिस्कवरून एखादं पेज परत मेमरीत आणायला लागतात काही मिलिसेकंद. १० धरा. तेवढ्या वेळात त्या एका सिग्नलची दीडशेहून जास्त पेजेस भरून जातात.

आकाश काही थांबत नाही. कार्डाला "जरा दम धर, पेज डिस्कवर गेलंय, आणतो" असं सांगायची सोय नाही. आजचा सगळा विषय या अडचणीतून निघतो.

कर्नल पेजेस का हलवतो?

प्रोग्रॅमला मेमरीचा जो पत्ता दिसतो तो खरा नसतो. तो व्हर्च्युअल पत्ता. खरा, म्हणजे फिजिकल पत्ता कोणता, हे पेज टेबल नावाच्या तक्त्यात लिहिलेलं असतं आणि तो तक्ता कर्नलच्या ताब्यात असतो. यामुळे कर्नलला मोठी मोकळीक मिळते. तो तीन गोष्टी करू शकतो.

एक, मेमरी कमी पडली की पेज डिस्कवर टाकतो. हा स्वॅप. दोन, सलग मोठी जागा हवी असेल तर पेजेस इकडून तिकडे सरकवतो. भांड्यांचं कपाट लावताना आपण करतो तसं. याला कॉम्पॅक्शन म्हणतात. तीन, फोर्क केल्यावर दोन प्रोसेसना एकच पेज वाटून देतो, आणि कुणीतरी त्यावर लिहायला गेलं की मगच दुसरी प्रत काढतो. हा कॉपी-ऑन-राइट.

तिन्ही वेळी व्हर्च्युअल पत्ता तोच राहतो, मागचं फिजिकल पेज बदलतं, आणि कर्नल तक्ता दुरुस्त करतो. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही.

पण कार्ड हा तक्ता बघत नाही. डीएमए करणारं कार्ड सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीत लिहितं. त्याला ड्रायव्हरने एकदा पत्ता दिला, की ते त्या पत्त्यावर लिहीत राहतं. पाण्याच्या टँकरचं उदाहरण घ्या. टँकरवाल्याच्या हातात चिठ्ठी आहे, तीवर घर नंबर लिहिलाय. दरम्यान ते बिऱ्हाड दुसरीकडे हललं आणि त्या घरात दुसरं कुटुंब आलं. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नोंद बदलली. पण टँकरवाला रजिस्टर बघतच नाही, तो चिठ्ठीवरच्या घरात पाणी सोडून मोकळा होतो. दोन नुकसानं झाली. ज्याला पाणी हवं त्याला मिळालं नाही, आणि ज्याने मागितलंच नव्हतं त्याच्या घरात पाणी शिरलं.

मेमरीतही नेमकं हेच होतं. आपल्या प्रोग्रॅमला त्या जागी जुनीच मोजणी दिसते. आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी पेजवर, कदाचित फाइल सिस्टीमच्या, कदाचित कर्नलच्या स्वतःच्या, अँटेनाचा डेटा जाऊन बसतो. लगेच काही बिघडत नाही. वीस मिनिटांनी भलताच प्रोग्रॅम कोसळतो आणि आपण त्याच्यात चूक शोधत बसतो.

जीएमआरटीसारख्या ठिकाणी तर त्याहून वाईट म्हणजे काहीच कोसळत नाही. काही पल्सार सेकंदाला शेकडो वेळा फिरतात आणि त्यांचे ठोके मायक्रोसेकंदाच्या पातळीवर मोजले जातात. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा जाहीर झाला. त्यात युरोपीय गटाबरोबर भारतीय गट होता आणि भारताचा डेटा याच दुर्बिणीचा होता. अशा मोजमापात ६२ मायक्रोसेकंदांचा एक तुकडा गुपचूप शिळा राहणं किंवा गळणं म्हणजे काय, ते बघा. प्रोग्रॅम चालला, फाइल तयार झाली, आकडे दिसताहेत. पण ते आकडे आकाशातले नाहीत.

लॉक करणं म्हणजे नेमकं काय

म्हणून ड्रायव्हर कर्नलला सांगतो, "ही अमुक पेजेस मेमरीत आण, आणि मी सोडेपर्यंत हलवू नकोस." याला पिन करणं किंवा लॉक करणं म्हणतात. लिनक्समध्ये हे काम 'पिन युजर पेजेस' हे फंक्शन करतं. विंडोजमध्ये 'एमएम प्रोब अँड लॉक पेजेस'. नावं वेगळी, काम साधारण तेच. पत्त्यांची पट्टी घ्यायची, प्रोग्रॅमला तिथे लिहायचा अधिकार आहे का ते तपासायचं, जी पेजेस मेमरीत नाहीत ती आणायची, प्रत्येकाच्या नोंदीत मोजणी वाढवायची आणि फिजिकल पेजेसची यादी ड्रायव्हरच्या हातात द्यायची. त्या यादीवरून ड्रायव्हर कार्डासाठी पत्ते तयार करतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. 'एमलॉक' नावाचा सिस्टीम कॉल प्रोग्रॅम स्वतःच करू शकतो. तो केला की पेज स्वॅपमध्ये जात नाही. मग वाटतं, झालं की काम! तर नाही. एमलॉकचं वचन एवढंच आहे, की पेज मेमरीत असेल. मेमरीत कुठे असेल, याचं वचन त्यात नाही. कर्नल ते पेज सरकवू शकतो. सीपीयूवरून वाचणाऱ्या प्रोग्रॅमला तेवढं पुरतं, कार्डाला पुरत नाही. कार्डासाठी जागा हलता कामा नये, आणि ते वचन फक्त पिन करण्यात आहे. लिनक्स या दोन गोष्टी वेगळ्या मोजतो. प्रॉक फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक प्रोसेसची स्टेटस फाइल असते, तिच्यात 'व्हीएम लॉक' आणि 'व्हीएम पिन' अशा दोन वेगळ्या ओळी असतात.

कुलूप काढण्यातले घोटाळे

लॉक करणं त्या मानाने सोपं. एक फंक्शन बोलवायचं, ते जमलं की नाही ते कळतं. खऱ्या चुका होतात त्या सोडताना, आणि मला आज सांगायचंय ते मुख्यतः हेच. सोडण्याचे चार नियम आहेत.

पहिला नियम, आधी कार्ड थांबवा, मग पेज सोडा. वाचायला सोपा वाटतो. पण समजा वापरकर्त्याने मधेच कंट्रोल-सी दाबलं. प्रोग्रॅम मरतो, कर्नल ड्रायव्हरला सांगतो की फाइल बंद झाली, आणि ड्रायव्हर आवराआवर करताना पेजेस सोडून देतो. कार्ड मात्र अजून लिहितंय! सोडलेली पेजेस पुढच्या क्षणी दुसऱ्या प्रोसेसला मिळतात. म्हणजे लॉक करूनही टँकर शेजाऱ्याच्या घरातच गेला. म्हणून कार्डाला थांब म्हणायचं, ते खरंच थांबलं याची त्याच्या रजिस्टरमधून खात्री करायची, डीएमएची जोडणी मोडायची, आणि सगळ्यात शेवटी पेज सोडायचं.

दुसरा नियम, कार्डाने लिहिलं असेल तर तसं कर्नलला सांगा. सीपीयूने पेजवर लिहिलं की पेज टेबलमध्ये खूण होते, 'डर्टी', म्हणजे बदललेलं. कार्ड त्या तक्त्याला हातच लावत नाही, म्हणून खूण होत नाही. आपण न सांगता पेज सोडलं, आणि ते एखाद्या फाइलचं पेज असलं, तर कर्नलला वाटतं यात काही बदल नाही. मेमरी कमी पडली की तो ते टाकून देतो आणि पुढच्या वेळी डिस्कवरचं जुनं आणतो. डेटा आला होता, नीट आला होता, आणि गेला. लिनक्समध्ये सोडताना डर्टीची खूणही करणारं फंक्शन आहे, ते वापरावं.

तिसरा नियम, जितकी लॉक केली तितकीच सोडा, ना एक कमी ना एक जास्त. कमी सोडलीत तर ती पेजेस मशीन रीबूट होईपर्यंत कुणालाच मिळत नाहीत. जास्त वेळा सोडलीत तर मोजणी वेळेआधी शून्य होते आणि वापरात असलेलं पेज कर्नल दुसऱ्याला देऊन टाकतो. यातली नेहमीची चूक अशी. शंभर पेजेस मागितली, कर्नलने साठच लॉक करून दिली. फंक्शनने साठ आकडा परत दिला. ड्रायव्हर लिहिणारा फक्त उणे आकडा आला की चूक मानतो, म्हणून इथे तो पुढे जातो. किंवा चूक ओळखतो, पण तसाच परत फिरतो आणि ती साठ पेजेस अडकून राहतात. अर्धवट यशाची वाट चाचणीत सहसा कुणी चालून बघत नाही.

याबाबतीत विंडोज कडक आहे. प्रोसेस संपताना तिची पेजेस अजून लॉक असलेली दिसली, तर ते सरळ निळा पडदा दाखवून मशीन थांबवतं. स्टॉप कोड हेक्साडेसिमल ७६, नाव 'प्रोसेस हॅज लॉक्ड पेजेस'. मागोवा घ्यायची सेटिंग चालू असेल तर कोड सीबी येतो आणि कोणत्या ड्रायव्हरने घोळ घातला तेही कळतं. लिनक्स असा आरडाओरडा करत नाही, मेमरी नुसती झिरपत राहते.

चौथा नियम, फोर्कची काळजी घ्या. समजा आपला डेटा घेणारा प्रोग्रॅम मधेच एखादी शेल कमांड चालवतो, साधी तारीख लॉगमध्ये लिहायला. कमांड चालवणं म्हणजे फोर्क. आता पिन केलेलं पेज आई आणि मूल दोघांत वाटलं गेलं. आईने आधी त्यावर लिहिलं, की तिला नवी प्रत मिळते, आणि कार्ड मात्र मूळ पेजवर लिहीत राहतं, जे आता मुलाकडे आहे. इन्फिनिबँडवर काम करणाऱ्यांना हा त्रास वर्षानुवर्षं होता, म्हणून त्यांच्या लायब्ररीत फोर्कसाठी वेगळं फंक्शनच ठेवावं लागलं. आताचे लिनक्स कर्नल पिन केलेलं पेज फोर्कच्या वेळीच मुलासाठी कॉपी करतात. पण कारखान्यांतली आणि प्रयोगशाळांतली मशीन जुन्या कर्नलवर खूप वर्षं चालतात, हे विसरू नका.

लिनक्सला हे उमगायला वीस वर्षं लागली

लिनक्स २.४ च्या काळात, म्हणजे २००१ च्या आसपास, यासाठी 'किओबफ' नावाची सोय होती. २.६ आलं, डिसेंबर २००३ मध्ये, आणि 'गेट युजर पेजेस' रूढ झालं. ते पेजची साधी मोजणी एकने वाढवायचं. अडचण अशी, की हीच मोजणी कर्नलमधले इतर भागही दहा कारणांनी वाढवतात. म्हणजे मोजणी ३ दिसली, तर त्यातला एखादा हात कार्डाचा आहे की सगळे कर्नलचेच आहेत, हे सांगता येत नव्हतं.

याचा फटका फाइल सिस्टीमला बसला. फाइलचं पेज पिन आहे. फाइल सिस्टीम ते डिस्कवर लिहिते आणि 'स्वच्छ' अशी खूण करते. तेवढ्यात कार्ड त्यावर पुन्हा लिहितं. नंतर ड्रायव्हर येतो आणि म्हणतो, हे डर्टी झालंय. फाइल सिस्टीमची त्यासाठी तयारीच नसते, कारण तिच्या मते कुणाला लिहायची परवानगीच नव्हती. कधी कर्नल कोसळायचा, कधी डेटा जायचा.

२०२० च्या मार्चमध्ये आलेल्या ५.६ कर्नलमध्ये 'पिन युजर पेजेस' वेगळं काढलं. युक्ती साधी आहे. साधा संदर्भ मोजणी १ ने वाढवतो, पिन ती १०२४ ने वाढवतो. मोजणी मोठी दिसली की समजायचं, बहुधा कार्डाचा हात आहे. 'बहुधा' म्हणायचं, कारण हजारभर साधे संदर्भही एकत्र जमू शकतात. तपासणाऱ्या फंक्शनच्या नावातच 'मेबी' आहे!

कुलपाची किंमत

मग सगळंच लॉक करून टाकावं का? नाही. लॉक केलेली मेमरी बाकीच्यांना कायमची कमी होते, आणि सरकवता न येणारी पेजेस मधे मधे अडकली की मोठी सलग जागा तयार होत नाही. म्हणून प्रत्येक प्रोसेसला मर्यादा असते. लिनक्समध्ये ती बरीच वर्षं फक्त ६४ केबी होती, ५.१६ कर्नलपासून ८ एमबी झाली. क्लस्टरवर काम केलेल्यांनी ही मर्यादा उठवायची सूचना वाचली असेल. सी-डॅकच्या परम युवा-२ सारख्या मशीनमध्ये इन्फिनिबँड असतं, आणि इन्फिनिबँडवरून डेटा पाठवायचा तर आधी मेमरी नोंदवावी लागते. नोंदवणं म्हणजे पिन करणंच. ६४ केबीत तिथे काय होणार?

दुसरी किंमत वेळेची. दर वेळी लॉक करा, सोडा, यात वेळ जातो. सतत वाहणाऱ्या डेटासाठी चांगली पद्धत म्हणजे सुरुवातीलाच ठरावीक पेजेस घेऊन त्यांची रिंग करायची, रहाटगाडग्यासारखी. कार्ड एक एक गाडगं भरत जातं, प्रोग्रॅम मागून रिकामं करत जातो. लॉक एकदाच, सोडणं एकदाच. आणि प्रत्येक गाडग्याला क्रमांक द्या. प्रोग्रॅम मागे पडला आणि कार्ड त्याच्यावरून पुढे गेलं, तर निदान तुटल्याचं कळेल आणि तेवढा तुकडा बाद करता येईल. गळालेला डेटा परत मिळत नाही, पण गळाला हे माहीत असणं आणि नसणं यात फार फरक आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*आता मशीनमध्ये भरपूर रॅम असते. स्वॅपच बंद केला तर लॉक करायची गरज उरते का?*

उरते. स्वॅप हे तीनपैकी एकच कारण आहे. कॉम्पॅक्शन आणि फोर्क चालूच राहतात. शिवाय प्रोग्रॅम मधेच मेला तर पेज लगेच मोकळं होतं, हे चौथं. भरपूर रॅमचा एक तोटाही सांगतो. चुकीचा ड्रायव्हरसुद्धा महिनोन्महिने नीट चालतो, आणि ज्या दिवशी मेमरीवर ताण येतो त्या दिवशी चूक वर येते.

*आयओएमएमयू असेल तर कार्डालाही पेज टेबल मिळतं ना? मग पिन कशाला?*

चांगला प्रश्न. आयओएमएमयू कार्डाला भलत्या ठिकाणी लिहू देत नाही, ते संरक्षण फार मोलाचं आहे. पण कर्नलने पेज हलवलं म्हणून कार्डाचा तक्ता आपोआप बदलत नाही. पेज नाही म्हटल्यावर थांबून ते मागून घेणारी काही कार्डं आहेत, इन्फिनिबँडमध्ये आहेत. बाकी बहुतेकांना ते जमत नाही. आणि आपल्या अँटेनाच्या कार्डाला थांबायची परवानगीच नाही.

*विद्यार्थ्यांना घरी हे करून बघायचं असेल तर?*

हार्डवेअर विकत घेऊ नका. क्यूएमूमध्ये 'एज्यु' नावाचं शिकण्यासाठीच बनवलेलं पीसीआय डिव्हाइस आहे, त्याला डीएमए येतो. ते मुळात २८ बिटांचेच पत्ते ओळखतं, म्हणजे २५६ एमबीपर्यंतचे, एवढं लक्षात ठेवा. त्याचा छोटा ड्रायव्हर लिहा. मग मशीनला मेमरी कमी द्या, बाजूला भरपूर मेमरी खाणारा प्रोग्रॅम चालवा, आणि आपला प्रोग्रॅम मधेच मारून बघा. प्रॉकमधल्या व्हीएमस्टॅट फाइलमध्ये पिनचे दोन आकडे दिसतात, किती घेतली आणि किती सोडली. सगळं शांत असताना ते दोन आकडे सारखे यायला हवेत. एकाचाही फरक दिसला, तर ड्रायव्हर पूर्ण झालेला नाही असं समजा आणि सोडण्याची प्रत्येक वाट पुन्हा वाचा.